विकण्याआधी

कुताइसीच्या मंडईत माझा गाळा चीजचा.
लागून त्सिउरीचा, वाळल्या पाल्याचा.
तिच्या पोत्यांचा वास माझ्या सुलुगुनीला लागतो
म्हणून पहिली दोन वर्षं आम्ही नुसते भांडलो.
आता गिऱ्हाईक नसलं की मी तिचं ऐकत बसतो.

ती लगेच काही विकत नाही.
आधी विचारते.

डोकं दुखतं? कधीपासून?
चष्मा शेवटचा कधी बदललास?
दुपारी जेवतेस, की उभ्या उभ्या पावाचा तुकडा?

पोट फुगतं?
मग पंगतीत 'आणखी एक पेला' म्हणणाऱ्याचं नाव सांग,
पुदिना त्यालाच देते.

गुडघे? कितव्या मजल्यावर राहतोस?
आणि लिफ्ट कधी बंद पडली?
म्हातारा आठवून म्हणतो, सोव्हिएत गेलं, त्याच हिवाळ्यात.
मग हा खाजरा पाला घे, उकळून बांध,
सूज थोडी उतरेल,
जिना काही उतरायचा नाही.

माझंही मनगट धरलं तिनं एकदा, पैसे देताना.
मुर्मान, रक्त उसळतंय तुझं,
आणि त्याचं कारण तू किलोनं विकतोस.
मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही.
चौथ्या रात्री घरच्या चीजचा तुकडा
साध्या पाण्यात भिजत घातला.
सकाळी ते पाणी चाखून पाहिलं.
समुद्र होता.
चाळीस वर्षं मी तो न्याहारीला, जेवणाला
आणि झोपताना 'उरलंय म्हणून' खात आलो होतो.

फेब्रुवारीत एक मुलगी आली, गाळे बंद होता होता.
ओव्हरकोटाचं बटण पिळत म्हणाली,
काखेत गाठ आहे. दुखत नाही.
द्राक्षं उतरवली तेव्हापासून आहे.
आई म्हणते झेंडूचा लेप लाव.

त्सिउरीनं पोत्यातला हात बाहेर काढला.
एप्रनला पुसला. दोन्ही बाजूंनी.
कधी नव्हे ते काही विचारलं नाही.
याचा पाला माझ्याकडे नाही, पोरी.
कुणाकडेच नाही.
'आहे' म्हणेल त्याच्या दारातूनसुद्धा जाऊ नकोस.
आणि दुसऱ्या दिवशी, ऐन बाजाराच्या शनिवारी,
गाळा माझ्यावर टाकून
तिला घेऊन मिनीबसमध्ये बसली, इस्पितळाच्या.

मी लिंडनची फुलं तोलली,
रानगुलाबाची फळं तोलली,
खोकल्याला, झोपेला, कशाकशाला म्हणून लोक आले.
संध्याकाळी तिच्या हातात पैशांची चळत ठेवली,
तिची आठवड्याची कमाई मी एका दिवसात केली होती.

तिनं ती मोजली नाही.
एकाला तरी विचारलंस, काय होतंय?
मी गप्प.
मग तू पाला नाही विकलास, गवत विकलंस.

त्या मुलीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.
त्सिउरीला माहीत असावं.
मे महिन्यात कुणीतरी तिच्या गाळ्यावर
टोपलीभर चेरी ठेवून गेलं,
ती तिनं दिवसभर कुणाला हात लावू दिली नाही.

काल मंडई रिकामी होती, पाऊस तिरपा येत होता.
ती पोत्याला टेकून डोळे चोळत होती.
मला ठाऊक आहे, तिची नातेला बारीला असते, इटलीत,
तिथं दुसऱ्या कुणाच्या आईला जेवू घालते, निजवते,
मग मध्यरात्री हिला फोन करते.
माझ्या तोंडातून निघून गेलं,
रात्री किती वाजता झोपलीस?

चीज झाक, माश्या बसतायत, ती म्हणाली.

मी चीज झाकलं.
बराच वेळ पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.
मग माझ्याकडे न बघता,
तीनला.

मी मान हलवली. तिच्यासारखी, जाणत्यासारखी.
आणि पुढं काय म्हणायचं ते सुचेना.

मुर्मान, ती म्हणाली,
'कधीपासून' विचारायचं राहिलं तुझं.