टॉलरन्स

भुतरामनहट्टीच्या लॅबमध्ये पंखा एकच,
कॉम्प्युटर आपापली फुंकर घालून घेतात.
दोन राज्यांचे दोन थर एकावर एक ठेवले
तर मधे फट राहिली,
रताळ्याच्या सालीसारखी लांब, बारीक,
कुठल्याच थरात नसलेली.

हिरेमठ सर वाकून बघतात.
"स्लिव्हर आहे. चूक. टॉलरन्स वाढव, मिटेल."
ते कन्नडमधून सांगतात,
मी वहीत मराठीतून उतरवते,
कमांड इंग्लिशमध्ये चालते.

रविवारी शिवलीलाच्या स्कूटीवरून
जीपीएस घेऊन गेलो बेकिनकेऱ्यापुढं.
फटीत वेल पसरलेले, एक बोरिंग,
आणि भरमाणा होनगेकर, गुडघाभर मातीत.
"काय मोजालासा ग पोरींनो?"
सांगितलं.
त्यांनी खुरपं धोतराला पुसलं.
"फट? हितं?
मग काल दिवसभर पाणी कुणाला पाजलो मी?"
ओढणीत रताळी टाकली, मातीसकट.
अचूकता पावणेतीन मीटर दाखवत होती.

सोमवारी पुन्हा स्क्रीन.
कर्सर लुकलुकत आकडा मागतो:
टॉलरन्स किती?
शिवलीला डबा उघडून उकडलेलं रताळं पुढं करते,
"तिन्नू," म्हणते,
आणि मी खाते.

मिटवली नाही मी ती फट.
वेगळा पॉलिगॉन काढला.
राज्याचा रकाना कोरा.
तालुक्याचा कोरा.
पीक: रताळी.
शेरा: काल पाणी पाजलेलं आहे.

सरांनी दोन गुण कापले.
मग डब्यातलं शेवटचं उचललं
आणि साल न काढताच खाल्लं.