बॅटरी

टॉर्चला बॅटरी म्हणायची माझी सवय
हॅलिफॅक्समध्ये बावीस वर्षं काढूनही गेली नाही.
दुकानात बॅटरी मागितली की सेल पुढ्यात येतात,
सेल म्हटलं की पोरगी विचारते,
कसला, कपड्यांचा?

शेजारच्या इनिड अ‍ॅक्रॉइडनं गुरुवारी
कुंपणावरून हात लांब केला.
वीतभरही नाही, पितळी, बूड चेपलेलं.
बल्ब गेलाय म्हणाली, आणि तो बल्ब आता कुठेच मिळत नाही.
किंग क्रॉसचा हार्डवेअरवाला तिला म्हणाला होता,
नवी घ्या, तीन पौंडांत येते.
'तीन पौंड आहेत माझ्याकडे. नवी नकोय.'

मी कारण विचारलं नाही.
दिवसभर इस्पितळात श्रवणयंत्रं उघडून बसते;
लोक येतात ते असेच:
नवं नको, हेच बोलतं करा.

रात्री ओट्यावर
मसाल्याच्या डब्याच्या झाकणात सुटे भाग मांडले.
जुना बल्ब कानाशी हलवला.
तुटलेली तार आत किणकिणली,
तडतडायच्या आधी मोहरी करते
त्याहूनही हळू.

एलईडीला दोन पाय. एक लांब, एक आखूड.
लांब तो धन.
बल्बचं तसं काही नव्हतं,
वीज इकडून येवो की तिकडून, तो पेटायचा.
याला रीत लागते. उलटा बसवला
तर मख्ख.
ना धूर, ना तक्रार.

मी उलटाच बसवला.

इचलकरंजीत बाबा मोटारी भरायचे.
असते तर चष्मा कपाळावर सरकवून
नुसतं 'हं' म्हणाले असते.
त्या 'हं'ला भिऊन मी पाय पुन्हा मोजले.

मग आरशाचं भोक पुरेना. गोल कानशीनं घासलं,
नखांत चंदेरी भुगा.
एलईडीचा फुगीर माथा पॉलिश पेपरवर सपाट केला,
नाहीतर प्रकाश टिकलीएवढाच पडतो.
करंगळीएवढे दोन सेल, तीन व्होल्ट, जेमतेम.
रेझिस्टर लागलाच नाही.
कळ दाबली आणि छतावरचा कोळी
मला पहिल्यांदाच दिसला.

शनिवारी इनिड गाऊनवर रबरी बूट चढवून
मला शेडमागे घेऊन गेली.
पाचोळ्यात काहीतरी सरकलं. हेजहॉग.
'याला तुमच्यात काय म्हणतात?'
साळिंदर म्हणावं तर ते केवढं, हे ओंजळीत मावेल.
मी म्हटलं, आठवत नाही.
तिनं बॅटरी लावली.
पांढरा, निळसर झोत पडला
आणि त्यानं स्वतःला गुंडाळून घेतलं,
जसं काही पोलीस दारात आलेत.

'हा तर दाताच्या डॉक्टरचा उजेड,' इनिड म्हणाली.

एकोणीस वर्षं ती त्यांची वेळ लिहून ठेवते,
लाल वहीत, पिवळ्या उजेडात.
मला वाटलं होतं, उजेड म्हणजे उजेड,
जितका जास्त तितका बरा.

तिच्या खिशात टॉफी होती.
चावता येत नाही तिला, नुसती चघळते.
तिचा पिवळा पारदर्शक कागद मी पायरीवर पसरला,
एका पेनीभोवती पेन फिरवून
दोन चकत्या कापल्या,
काचेखाली सारल्या.
चिकट होत्या थोड्या. असू देत.

आता प्रकाश जुन्या तुपाच्या रंगाचा.
बराच वेळ काहीच झालं नाही.
मग काट्यांतून आधी नाक आलं,
ओलं, काळं, संशयी.
मग बाकीचा तो.

'पूर्वी ही हातात गरम व्हायची,' इनिड म्हणाली.
यावर माझ्याकडे इलाज नव्हता.
एलईडी ती ऊब वाया घालवत नाही,
हे मी तिला सांगितलं नाही.

तिनं ती गाऊनच्या बाहीत घेतली
आणि वहीत टिपलं:
दहा चाळीस. एक. टॉर्च बरी आहे.
मी ते बॅटरी असं वाचलं.