पाठीवरचा आकडा

कारखान्याच्या खोलीत
पंचवीस अंश, धूळ नाही, वारा नाही,
दिव्याचा एकच लखलखाट,
आणि पाठीवर शिक्का: तीनशे तीस वॅट.
एवढंच यांचं बालपण.

मग धायरीतल्या या गच्चीवर,
पाण्याच्या टाकीपलीकडे,
तीन जातींची नऊ पॅनल मांडली:
काळी, निळी,
आणि काचेवर नुसता लेप दिलेली.
दर पाच मिनिटांनी त्यांचं म्हणणं वहीत उतरतं.
लॅपटॉपमध्ये, खरं तर. वही सवयीने म्हणाले.

"काय रणरणतंय! आज तर तुमची दिवाळी,"
चौथ्या मजल्यावरचे चिंतामण गोसावी म्हणतात.
नाही काका.
एप्रिलमध्ये सेलच्या पाठीला त्रेसष्ट अंश.
ऊन ओसंडतं आणि अंगातलं बळ ओसरतं.
निळी आधी थकतात, मग काळी,
लेपवाली जरा उशिरा.

त्यात रस्त्याच्या कामाची भुकटी.
त्यात कबुतरं.
एका शिटेखाली एक सेल झाकला जातो
आणि अख्खी ओळ त्याच्यापायी मान खाली घालते.

सकाळी सहाला वैजयंता कुचेकर येते,
बादली, मऊ फडकं.
दुपारी पाणी मारायचं नाही, काच तडकते,
हे मी सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली,
"तापल्या तव्यावर गार पाणी कोण ओततं?"

सातव्या पॅनलला टेम्पोतून उतरवतानाच चीर गेली होती,
डोळ्यांना न दिसणारी.
मी त्याला धरूनच चालत नव्हते.
सप्टेंबरात एका दुपारी
ढगाच्या काठावरून ऊन सांडलं,
दोन मिनिटं, फार तर अडीच,
आणि वहीचा ठोका नेमका त्यात पडला.
सातवं: तीनशे बेचाळीस.
मी सेन्सर तपासला. वायर तपासली.
चूक सापडली नाही.
पुढच्या ठोक्याला एकशे दहा.

"मग वर्षाचं किती भरलं?" वैजयंताने विचारलं.
शिक्क्याप्रमाणे शंभर यायला हवे होते, आले अठ्ठ्याहत्तर.
"फर्स्ट क्लास की," म्हणत तिने फडकं पिळलं,
वाकून पॅनलची पाठही पुसायला घेतली.
सहा उन्हाळ्यांनी फिकटलेला शिक्का
ओल्या फडक्याला चिकटून आला, अर्धा.

मी तिला थांबवलं नाही.