इतर

बिश्केकहून दोन वर्तुळं आली, जाड कागदावर.
एक देशाचं, रंगवलेलं.
एक आमच्या नारीन प्रांताचं, कोरं.
देशाच्या वर्तुळात निळं म्हणजे पाणी,
काळा कोळसा, तपकिरी पेट्रोल-डिझेल,
वायूची पिवळी फाक लिंबाच्या फोडीएवढी,
आणि कडेला सुईनं ओढल्यासारखी
राखाडी रेघ : इतर.
असानकुलोव साहेब म्हणाले,
आपलं शुक्रवारपर्यंत भर. तुलना करायची आहे.

ताणकाटा घेऊन मी ताश-केचूला गेले,
रस्ता संपतो त्याच्याही पुढे.
बुबुसारा आपाच्या अंगणात
मेंढ्यांच्या गोठ्यातून फावड्यानं कापलेल्या,
उन्हाळाभर उलथून-पालथून वाळवलेल्या
लेंड्यांच्या विटा, हजारेक,
भिंतीसारख्या रचलेल्या. तिच्या डोक्याच्या वर.
मोज, म्हणाली.
एक वीट आकड्याला अडकवली :
दोन किलो शंभर ग्रॅम.
जूनमध्ये आली असतीस तर चार भरली असती, ती म्हणाली.
वाळलं की हलकं होतं, आणि हलकं तेच जास्त तापतं.
तुझ्या कागदात काय, जड ते मोठं?
मी खोडरबर शोधू लागले.

वीज?
दोन बल्ब. त्यातला एक कोकरांना.
संध्याकाळी सगळं गाव शेगड्या लावतं
तेव्हा तारेला धाप लागते,
बल्ब मेणबत्तीचा धाकटा भाऊ होतो.
कोळसा?
सहा पोती. एल्दियार पैसे पाठवतो,
नातू, मॉस्कोत टॅक्सी चालवतो.
म्हणजे तिकडे पेट्रोल जळतं
तेव्हा इकडे कोळसा येतो.
हे कुठल्या रंगात घालू, ते छापील सूचनांत नव्हतं.
आणि इतर?
आपानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जसं घरातल्या कर्त्या माणसाला
कुणी परकं म्हणावं तसं.

खिडकीतून नदी दिसत होती.
काठ गोठलेले, मध्ये हिरवं-काळं पाणी घाईत.
प्रांताचं आणि तिचं नाव एकच,
कोणी कोणाकडून घेतलं कोण जाणे.
ती इथून खाली जाते, धरणांत तुंबते,
पाती फिरवते, आणि निळा रंग होते.
त्या मोठ्या निळ्यात आमच्या दारावरून गेलेलं पाणी आहे.
जाता जाता तिनं आपाला
दोन बादल्या दिल्या, चहाला आणि गाईला.
त्यांचा रकाना नाही.

परतून गुणाकार केले.
सगळ्यांना एका पंगतीत बसवणारा एक आकडा असतो :
किती जाळलं म्हणजे किती तेल जाळल्यासारखं.
आपाची अख्खी भिंत
तेलाच्या चार पिंपांत मावली.
मे महिन्यातलं कापणं, तिची कंबर,
विटा उलथताना हाताला येणारा तो गोडसर वास
पिंपांत उतरला नाही. उतरायचाही नव्हता,
मी सरकारी नोकर आहे.

गुरुवारी रंग भरले.
राखाडी पेन्सिल निम्म्यावर झिजली.
साहेबांनी दोन्ही वर्तुळं शेजारी धरली,
चष्मा वर केला, खाली केला.
हे एकाच देशाचे वाटत नाहीत, म्हणाले. परत मोज.
मोजलंय, म्हटलं.
मग निदान दुसरा रंग दे. राखाडी इतकं बरं दिसत नाही.

तेवढ्यात वीज गेली. पाच वाजून दहा मिनिटं.
संगणकाचा पंखा हळूहळू गप्प झाला.
साहेब उठले, अंधारात सवयीनं
"जुने अहवाल" लिहिलेल्या खोक्याकडे गेले,
आत हात घालून एक वीट काढली,
शेगडीचं दार पायानं उघडलं.
वीट एकदम पेटत नाही, आधी विचार करते.
मग त्यांचा चेहरा लाल दिसू लागला,
त्यामागे भिंतीवर देशाचं वर्तुळ,
सगळे रंग एकसारखे.

बराच वेळ ते हात शेकत राहिले.
मग म्हणाले,
दोन किलो शंभर?
आमच्या आईच्या दीडच्या वर जात नाहीत.
ती पातळ कापते.