कुठले वीस?

सही करताना वकीलबाई म्हणाल्या,
"ऐंशी टक्के तुमचे. वीस सरकारचे."
इद्रिसनं विचारलं, "वीस म्हणजे कुठले?"
त्या हसल्या नाहीत.
पान उलटलं. तिथेही सही होती.

त्या ऐंशीतले पंचाहत्तर बँकेचे.
उरले पाच. ते आमचे.
हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात अकरा वर्षं घड्या घातलेल्या चादरी,
त्याची पहाटेची पावाची गाडी,
आणि आई गेल्यावर विकलेली तिची लाल मोटार.
पाच म्हणजे हिशेबानं
उंबरठा, आणि त्यापुढचं एक पाऊल.

नमुन्याचं घर दाखवलं तेव्हा
आतल्या खोल्यांना दारंच नव्हती
आणि पलंग नेहमीपेक्षा वीतभर आखूड.
हे नंतर सांगितलं समोरच्या मरीसेलनं,
जिचा स्वतःचा पलंग आत गेला
तेव्हा कपाट बाहेर राहिलं.

न्यूपोर्टच्या या कडेला पूर्वी पोलादाचा कारखाना होता.
आता चंडोल गल्ली आहे.
चंडोल अजून कुणी पाहिलेला नाही.
सासरे आले, टोपी हातात धरून
परसातल्या गवताकडे बघत राहिले.
गवताच्या गुंडाळ्या नुकत्याच उलगडलेल्या,
गोधडीसारखे सांधे दिसत होते.
"इथे," ते बुटाच्या टोकानं दाखवत म्हणाले,
"साधारण इथे मी डबा ठेवायचो. एकोणतीस वर्षं."
मग चहात आणखी एक चमचा साखर मागितली.

पहिल्या आठवड्यात त्रुटींची यादी केली. त्रेचाळीस भरल्या.
गरम नळाला थंड पाणी, थंड नळाला गरम.
दारावर टॉवेल टांगला की न्हाणीघर बंद होईना.
बांधकामावरचा ग्विलिम निळी पेन्सिल घेऊन
खुणा करत फिरला.
जिन्याच्या भिंतीशी थांबला. केसाएवढी भेग.
"काही नाही, घर बसतंय," म्हणाला,
"नव्या घराला बसायला दोन-तीन वर्षं लागतात."
तो गेल्यावर मीही बसले,
तिसऱ्या पायरीवर,
आणि भेगेच्या टोकाशी तारीख लिहिली.

रात्री आम्ही वाटणी करायचो.
जिना देऊ सरकारला, इद्रिस म्हणे, गुडघे वाचतील.
मी म्हणे, पोटमाळा द्या, तिथे कोण जातंय.
मीटरचं कपाट द्या.
उत्तरेची खिडकी द्या, तिच्यातून फक्त कुंपण दिसतं.
पण एका कोपऱ्यात गप्प बसेल
असा तो वाटा नव्हता.
पिठात मीठ असावं तसा
विटेविटेत होता. वेचून काढता येईना.

पाच वर्षं त्या विसांवर व्याज नाही. सहाव्यापासून आहे.
घर महागलं की तेही महागणार, तेवढ्याच पटीत.
दुकानात रांगेतली बाई सांगते,
"तुमच्याकडचे भाव चढलेत हं!"
मी म्हणते, हो का,
आणि बटाटे पिशवीत टाकताना मनात म्हणते,
जरा थांबा रे भावांनो,
एवढी काय घाई आहे.

सहाव्या वर्षी, ऑक्टोबरात,
किंमत काढायला एक तरुण आला.
नाव अ‍ॅनायरिन, बुटांवर निळी प्लास्टिकची पिशवी.
हातातल्या यंत्राचा लाल ठिपका
भिंतीभिंतीवरून फिरवला.
स्वयंपाकघर, बोळ, उत्तरेची खिडकी.
ठिपका कुठेच अडखळला नाही,
कुठले वीस ते त्यालाही कळलं नसावं.

जिन्यापाशी मात्र थबकला.
एकाखाली एक माझ्या तारखा,
पेन्सिलीच्या, सहा बोटं लांबीत.
शेवटची तीन वर्षांपूर्वीची.
त्यानंतर भेग पुढे गेलीच नाही.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"घर बसलं," मी म्हटलं.

त्यानं ते लिहून घेतलं की नाही,
मी पाहिलं नाही.
चहाचं आधण उकळत होतं.