दाब-७

स्वस्त डबा मी कॅटलॉगातच नाकारला.
पंचावन्न अंशांपर्यंत चालतो, म्हणे.
इथे सावलीतच पन्नास,
आणि सावली एका खांबाची, बोटभर.

जाड पत्र्याचा घेतला. झाकणाला रबरी कड,
दोन सिमं; एक रुसलं तर दुसरं.
अँटेना हैमाच्या टॉवरकडे: उणे एकशे बारा.
किंचित डावीकडे: उणे अठ्ठ्याण्णव.
एवढ्यावरही माणूस खूश होतो.

उंट खांबाला अंग घासतात,
म्हणून वायर पाइपातून, पाइप हातभर वाळूखाली.
"एवढं खोदकाम कशाला?" फोनवर साहेब.
साहेबांनी उंट पाहिलाय तो कॅलेंडरवर.

राखणदार मुराद बख्श, तुर्बतचा,
काळा चहा पुढे करत विचारतो,
"हा फक्त पाण्याचंच बोलतो का?"

महिन्याला दोन जीबी. पातळी, दाब, तापमान.
बाकी सगळं बंद, असं कागदावर.
मी चहा संपवला.
वायफायला नाव दिलं 'दाब-७',
आणि पासवर्ड
गाडीच्या बॉनेटवरल्या धुळीत
त्यानं बोटानं लिहिलेलं लेकीचं नाव.

आता मस्कतला, ऑफिसातल्या आलेखावर
रोज रात्री नऊ दहाला एक उंचवटा.
चाळीस एमबी.
"हे काय?" हेगडेबाई विचारतात.
सेन्सर जरा बडबड्या आहे, मी म्हणतो.

मंगळवारी उंचवटा आला नाही.
बुधवारीही.
दोन्ही सिमं पाहिली, बॅटरी पाहिली.
पंप चालू. पाणी बरोबर.
सिग्नल उणे अठ्ठ्याण्णव,
मी लावला होता तिथंच.