आठशे पन्नास

थंड असताना ठीक असते.
तापली की सुरू होतो हिचा खेळ:
काटा सातशेवर, मग चौदाशे, मग परत सातशे,
जणू बॉनेटखाली बसून कुणी
विसरलेलं नाव आठवतंय,
ओठांवर येतं आणि जातं.

पॅलिओ, सोळाशे सीसी. पिवळी. म्हणजे होती पिवळी.
वारसियातल्या तिघांनी तिला बघून झालं.
एकाने प्लग बदलले.
दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी धुतली, फडक्यावरची काजळी
मला नाकाजवळ आणून दाखवली आणि नऊशे घेतले.
तिसरा म्हणाला, काढून टाका साहेब,
भंगारला सध्या भाव बरा आहे.

प्रतापनगरच्या पुलाजवळ भाईलाल मिस्त्री.
बोर्ड नाही. उजवा कान लेथवर गेलेला,
म्हणून डावा कान पुढे करून वाकला
आणि तसाच राहिला बराच वेळ,
आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस
काही विचारत नाही, तसा.

ब्रेक दाबा. दाबला. काटा आपल्याच नादात.
सोडा. एसी लावा.
इंजिन दचकलं, सावरलं, पुन्हा शोधायला लागलं.
बंद करा एसी.
"आ भूखी नथी, साहेब," तो म्हणाला,
"आ क्यांकथी हवा चोरे छे."

थ्रॉटलचं दार बंद आहे, आणि तरी घरात वारा.
कॉम्प्युटर बिचारा वाऱ्यापुरतं पेट्रोल ओततो,
आकडा चढतो, तो घाबरून हात आखडतो,
इंजिन बुडायला लागतं, तो पुन्हा ओततो.
दोघंही खरं बोलतात.
आमच्या घरातली भांडणं साधारण अशीच.

पेट्रोलच्या नळीला नाक लावून त्याने वास घेतला. नव्हता.
जिग्नेशला सांगून टेबलफॅन बंद करवला,
रेडिएटरचा पंखा थांबेपर्यंत आम्ही थांबलो,
आणि गल्ल्यावरच्या अंबामातेपुढची
अर्धी जळलेली अगरबत्ती घेऊन तो आला.
मोगरा.
नळीनळीवरून सावकाश फिरवली.
धूर थरथरत वर, धूर वर, धूर वर,
मग मॅनिफोल्डच्या मागे, जिथे हात जात नाही,
धूर आडवा झाला
आणि आत गेला.

प्लास्टिकचा एक टी. त्याच्या तिसऱ्या तोंडात
राखाडी रबराचं बूच, इंजेक्शनच्या बाटलीचं,
उन्हाने चिरलेलं, गरम झालं की ओठ उघडणारं.
"आ कोनी कारीगरी?"
माहीत नाही, मी म्हणालो.

एक्स्प्रेसवे तेव्हा नवा होता.
नळी मीच कापली होती, दाढीच्या ब्लेडने,
डॅशबोर्डवर निळ्या दिव्याचं एक मीटर हवं म्हणून.
ते काय मोजतं हे नडियाद येईपर्यंत
ना मला सांगता आलं, ना शेजारी बसलेल्या
विश्वजित फणसेला.
लग्न ठरलं तेव्हा मीटर काढलं.
औषधं विकायचा विश्वजित; नमुन्यांच्या बॅगेतून
बाटली काढून त्यानेच हे बूच बसवलं.
म्हणाला, उद्यापर्यंत टिकेल.

वीस वर्षं टिकलं. आमचं नाही टिकलं तेवढं;
वाघोडिया रोडचा तो प्लॉट, जाऊ दे.

भाईलालने टी काढून फेकला, नळी अखंड टाकली,
हातभर, एकशेचाळीस रुपये.
काटा आठशे पन्नासवर आला
आणि बसला.
बूच मी खिशात घातलं. त्याने पाहिलं, बोलला नाही.

काळा घोडा सर्कलला लाल दिवा.
इतकं शांत की वाटलं बंद पडली,
म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून पाहिला,
हलकेच, एकदा.
मग पुन्हा एकदा.